पांगाऱ्याखालचा पोवळा

पानमळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. मग तो इंदापूरचा मामलेदार असो नाहीतर पान घ्यायला आलेला बारामतीचा व्यापारी. चपला ताटीबाहेर, पायावर पाणी, मग आत. आंघोळ झालेली हवी, आदल्या दिवशी मटण खाल्लेलं नको, आणि बाईमाणसाला तर याशिवाय आणखी दहा गोष्टी. आमच्या सासरच्या मळ्यात मात्र बाईसाठी एकच नियम होता. तिनं आत यायचंच नाही.

हे मला लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. मी हौसेनं ताटीपर्यंत गेले, तर आतून मामंजी, म्हणजे माझे सासरे, हातानंच थांब म्हणाले आणि तसाच हात घराकडं दाखवला. बोलणं त्यांच्या हिशोबातच नव्हतं.

आणे जाऊन नवे पैसे आले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी सतरा वर्षांची होते. माझं माहेर मोरगावच्या अंगाचं, कोरडवाहू. ज्वारी, बाजरी, शेरडं, आणि पाणी म्हणाल तर हंडा घेऊन अर्धा कोस. पण घरात माणसं एवढी की रात्री कूस बदलायची तर शेजारणीला सांगून बदलावी लागे. सगळ्यांनी मला सांगितलं, पोरी, नशीब काढलंस, बागायतदाराच्या घरी पडलीस, पाटाचं पाणी दारात. पाटाचं पाणी होतं, ते खरंच. पण घर गावात नव्हतं, मळ्यावर होतं, आणि चहूकडं ऊस. ऊस तुटला की पलीकडच्या वस्तीचं छप्पर दिसायचं, तेवढे दोन महिने बरे जायचे. मग ऊस पुन्हा वाढायचा आणि छप्पर नाहीसं व्हायचं.

आमचे मालक भवानीनगरला साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. हंगामात पाळ्यांवर पाळ्या. सुट्टीला सायकल मारत यायचे, जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. माणूस वाईट नव्हता, पण भट्टीसमोर उभं राहून त्यांच्यातलं सगळं बोलणं सुकून जात असावं. सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, त्या माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधीच वारल्या होत्या. उरलो मी, मामंजी आणि एक म्हैस. त्यातल्या त्यात म्हशीशी माझं बरं जमलं. तिच्यापाशी मी सगळं बोलायचे. ती ऐकून घ्यायची, तेवढे तिचे उपकार.

मला फार एकटं वाटायचं. आता म्हातारपणी सांगायला लाज नाही. संध्याकाळी चूल पेटवली की मी मुद्दाम भांडी आपटायचे, कुणी तरी ‘अगं हळू’ म्हणावं म्हणून. कुणी म्हणायचं नाही.

दुपारी मामंजींची भाकरी घेऊन मी मळ्याच्या ताटीपाशी जायचे. ताटी म्हणजे कडब्याचं विणलेलं दार. तिच्याशेजारी, शेवरीच्या कुंपणाला लागून एक काळा चपटा दगड होता. मधोमध गुळगुळीत झालेला, किंचित खोलगट. मला वाटलं, धुण्याचा असेल. पहिल्यांदा मी त्याच्यावर बसले तेव्हा मामंजी बाहेर येता येता थबकले. सुनेनं सासऱ्यासमोर असं ऐसपैस बसू नये म्हणून असेल, असं समजून मी झटकन उठले. त्या दिवशी त्यांनी भाकरी निम्मी ठेवली.

मळा बाहेरून नुसती हिरवी भिंत दिसायची. आत काय आहे ते वाऱ्याच्या झुळकीबरोबर कळायचं. ओल्या मातीचा, पानांचा तिखटसर वास यायचा. आत मामंजी आणि पानं खुडणारा एक गडी असे दोघंच. मी बाहेरून त्यांचे आवाज ऐकत बसायचे. मी मालकांना एकदा विचारलं, बाईला का जाऊ देत नाहीत. ते झोपेतच म्हणाले, मळ्यात बाईचा विटाळ झाला की जनावर निघतं आणि वेल मरतो. आमच्याकडं मळ्यात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. मग, आत्याबाई पूर्वी आत काम करायच्या ना, असं मी विचारलं. तेव्हा ते घोरत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात उतरणीच्या वेळी आमचा गडी आलाच नाही. त्याला कारखान्यात काम लागलं होतं. उतरण म्हणजे पानमळ्यातलं सगळ्यात घाईचं काम. वेल चढत चढत पार शेवरीच्या, पांगाऱ्याच्या शेंड्याला गेलेला असतो. त्याच्या लव्हाळ्याच्या गाठी सोडायच्या, तो हळूहळू खाली घ्यायचा, बुंध्याशी उकरून त्याचं वेटोळं करून मातीत पुरायचं आणि फक्त शेंडा वर ठेवायचा. म्हणजे वेल पुन्हा नव्यानं फुटतो. ऊन चढलं की उघडा वेल वाळतो, म्हणून हात भराभर चालावे लागतात. आणि सगळ्यांच्या उतरणी एकाच वेळी, त्यामुळं जाणता माणूस मिळत नाही. मामंजी दोन दिवस एकटेच झुंजले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते ओट्यावर आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, आंघोळ करून ये.

मी काय केलं असेल ते सांगायला नको. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पायावर दोनदा पाणी घालून मी ताटीतून आत गेले. आत गारवा होता. ऊन वरच्या वर गाळून येत होतं आणि पायाखाली माती भिजलेल्या कणकेसारखी मऊ. मला रडू आलं. कशाचं ते मला तेव्हा कळलं नाही. जागा एवढी चांगली आणि आपण दीड वर्ष तिच्या भिंतीला टेकून बसलो, याचं असावं.

काम मी बघता बघता उचललं. मामंजी एका सरीला, मी दुसऱ्या सरीला. दुपारच्या आत मी कोपऱ्यातल्या पांगाऱ्यापाशी आले. हे झाड पाटाच्या अगदी जवळ, त्यामुळं तिथली जमीन कायम ओली, पालापाचोळा कुजलेला. वेल खाली घेतला, बुंध्याशी हातानं माती उकरली, तर आत एक बारीक वेटोळं. गेल्या सालचा वेल समजून मी त्यात बोट घातलं. वेल थंड असतो, पण हलत नाही. हे हललं.

हात मागं घेऊन मी बघत राहिले. दीड वीत लांब, शिसपेन्सिलीएवढा जाड. रंग चहासारखा, डोकं आणि मान काळी. शेपटीवर काळ्या दोऱ्याचे वेढे द्यावेत तसे दोन पट्टे. मी बघतेय तोवर त्यानं डोकं अंगाखाली घातलं आणि शेपटी वर उचलून तिचा आकडा केला. शेपटीची खालची बाजू निळसर होती. आणि वळताना पोट दिसलं, ते लालभडक. माझ्या मंगळसूत्रात आईनं दोन पोवळी ओवली होती, अगदी तोच रंग. पोवळा हे त्याचं नाव मी माहेरी ऐकलं होतं, पण बघितला नव्हता. शेपटीनं डसतो, असंही ऐकलं होतं.

पलीकडच्या सरीतून मामंजींनी विचारलं, काय झालं.

“मुळी हाय,” मी म्हणाले.

त्या क्षणी मी सापाला घाबरले नव्हते, मामंजींना घाबरले होते. मळ्यात बाई आली आणि पहिल्याच दिवशी जनावर निघालं. पुढं काय होणार ते उघड होतं. मी चोख होते, माझे ते दिवस होऊन आठवडा झाला होता. पण हे कुणाला सांगणार? सासऱ्याला? मी मूठभर माती त्याच्यावर ढकलली, जवळ एक फुटक्या घागरीचं खापर पडलं होतं ते वर ठेवलं, आणि वेलाचं वेटोळं जरा बाजूला पुरलं.

उतरण संपली, गडी परत आला नाही. मामंजींनी मला ये म्हणून सांगितलं नाही आणि येऊ नको म्हणूनही सांगितलं नाही. मी आपली रोज आंघोळ करून जात राहिले. अडचणीचे दिवस आले की आपणहून घरी थांबायचे, ते समजून घ्यायचे. आत गेल्यावरही आम्ही बोलत नव्हतोच. पण त्यांचा खोकला ऐकू यायचा, लव्हाळा ताणून गाठ मारल्याचा आवाज यायचा, मध्येच ते विठ्ठलाचं नाव घ्यायचे. माझ्या कामात एका माणसाचा आवाज मिसळलेला होता. तुम्हाला हे एवढंसं वाटेल. मला ते पुरत होतं. आणि ते सगळं एका खापराखाली दडलेलं होतं. जनावर दिसलं, की मी पुन्हा चुलीपाशी आणि म्हशीपाशी.

म्हणून मी त्या कोपऱ्याला मामंजींना जाऊ देईना. तिथली खुडणी मी करायची, पाणी मी वळवायचं, पाचोळा मी काढायचा. याला आणखी एक कारण होतं आणि ते खरं जास्त टोचायचं. आम्ही दोघंही अनवाणी. माझ्या हौसेपायी म्हाताऱ्याला काही झालं तर? एकदा मी खुरपं घेऊन गेले. ठरवूनच गेले होते. खापर उचललं. त्यानं आपलं नेहमीसारखं डोकं खाली लपवलं आणि शेपूट वर करून मला दाखवलं. एवढासा जीव, आणि एवढंच त्याला येत होतं. मी खापर परत ठेवलं.

मग मी त्याला बघायलाच लागले. दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय. दिवसा तो खापराखाली नाहीतर मातीत असायचा. ऊन उतरलं, पाणी दिलेलं असलं, की बाहेर यायचा. पळायची घाई नाही, माती हुंगत हुंगत चालायचा. पानमळ्याच्या ओल्या जमिनीत वाळे फार. वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा चकचकीत काळा साप, डोळे असून नसल्यासारखे. मुंग्यांची, वाळवीची अंडी खाऊन जगतो बिचारा, आणि लोक म्हणतात कानात शिरतो. हा पोवळा त्या वाळ्यावर जगायचा. वाळ्याच्या बिळात डोकं घालून त्याला मानेशी धरायचा आणि धरूनच ठेवायचा. वाळा त्याला वेढे घालायचा, वळवळायचा, मग हळूहळू सैल पडायचा. मग डोक्याकडून गिळायला सुरुवात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दिवा लावायची वेळ टळून गेली तरी मी तिथंच बसले होते.

शेपटीनं डसतो हे खोटं, हेही मला तेव्हाच समजलं. शेपटी तो नुसती दाखवतो. मारणाऱ्यानं तिच्यावर मारावं आणि डोकं वाचावं, एवढ्यासाठी. चावतो तो तोंडानंच, पण तोंड केवढं, दाभणाच्या टोकाएवढं. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या नातीनं पुण्याहून चित्रांचं एक पुस्तक आणलं, त्यात हा सापडला. हा नागाच्याच गोतातला, याला विष असतं, पण माणसाला सहसा चावत नाही, असं तिनं वाचून दाखवलं. अंडी घालतो म्हणे. ती मला कधी दिसली नाहीत. कात दिसली एकदा, सुतासारखी, खापराच्या कडेला अडकलेली. आणि दुसरा पोवळाही कधी दिसला नाही. तोही एकटाच होता. सापाला कान नसतात म्हणतात. तरी मी त्याच्याशी बोलायचे. म्हशीपेक्षा बरा, मध्येच रवंथ करत नाही.

त्या पावसाळ्यात मळा असा फुटला की बारामतीचा व्यापारी चप्पल काढून आत आला तो बघतच राहिला. पान तळहाताहून मोठं, रंग काळपट हिरवा, कुठं डाग नाही. आबा, हा मळा असा मी कधी बघितला नव्हता, असं तो म्हणाला. त्या दिवशी संध्याकाळी मामंजींनी मला विचारलं, जेवलीस का. मला ते अजून आठवतं. आलेल्या दिवसापासून त्यांनी मला कामाशिवाय विचारलेली ती पहिली गोष्ट.

दसरा आठ-पंधरा दिवसांवर आला असेल. पाटाच्या पाण्याची आमची पाळी दुपारी आली आणि भिजवता भिजवता ऊन उतरलं. मी वरच्या अंगाला सऱ्यांना पाणी लावत होते. कोपऱ्यात बांध फुटल्याचा आवाज आला. मी वळून बघते तर मामंजी फावडं घेऊन पांगाऱ्याकडं निघालेले. मी चिखलातून पळाले. पोचले तेव्हा त्यांचा पाय उचललेला होता आणि पुढं, जिथं तो पडणार होता तिथं, पोवळा.

“मामंजी, पाय टाकू नगा.”

त्या घरात त्यांना असं कुणी कधी सांगितलं नसेल. ते तसेच एका पायावर, पांगाऱ्याला हात लावून उभे राहिले.

पोवळ्याच्या तोंडात वाळा होता. निम्मा गिळून झालेला, निम्मा बाहेर. त्याला पळताही येईना आणि टाकताही येईना. माणसाची चाहूल लागल्यावर त्यानं तेच केलं जे त्याला येत होतं. शेपटी उचलली, आकडा केला, निळी बाजू वर केली.

“मागं सर पोरी,” मामंजी म्हणाले. “डोकं काढलंय त्यानं.”

“ते डोकं न्हवं. शेपूट हाय. डोकं खाली हाय, खायाला लागलंय.”

“तुला काय ठावं?”

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. खोटं बोलायची ताकदही नव्हती. “उतरणीपास्नं बघतीय मी,” मी म्हणाले. “हितंच असतो त्यो.”

मामंजींनी सावकाश पाय मागं घेऊन टेकला. मला वाटलं आता ताटीकडं हात करतील, पहिल्या दिवशी केला होता तसा. मी मनातल्या मनात मळ्याचा निरोपसुद्धा घेतला. पण ते सापाकडं बघत नव्हते आणि माझ्याकडंही नाही. ते पांगाऱ्यावरच्या वेलाकडं बघत होते. त्या कोपऱ्यातला वेल सगळ्या मळ्यात उजवा होता. उतरणीपासून जनावर त्याच्या बुडाशी राहत होतं आणि वेलाचं एक पानसुद्धा पिवळं पडलं नव्हतं. फुटलेल्या बांधातून पाणी शेजारच्या उसात चाललं होतं. पाण्याच्या थेंबावरून भांडणारा माणूस, त्यानं तिकडं बघितलंही नाही.

मग त्यांनी मला जे विचारलं ते सासरा सुनेला विचारत नाही.

“उतरणीच्या दिशी तू चोख हुतीस?”

“व्हय.” मी मंगळसूत्राला हात लावला. “आन घिऊन सांगते.”

त्यांनी मान हलवली. पोवळ्यानं वाळ्याचं शेवटचं टोक आत घेतलं, तोंड मातीवर इकडून तिकडं पुसलं आणि तो खापराखाली गेला. आम्ही दोघं तो जाईपर्यंत बघत होतो.

“तीबी हेच म्हणत हुती,” मामंजी म्हणाले.

ती म्हणजे आत्याबाई. मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक, एकेका वाक्याला थांबत. आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून मळ्यात राबायच्या. मळा त्यांच्याच हातचा होता म्हणा ना. एका उतरणीला त्यांच्या हातात असंच एक जनावर आलं. त्यांनी भिऊन नवऱ्याला हाक मारली. नेमका त्या साली वेलाला मर लागली, निम्मा मळा बसला. आजूबाजूचे मळेवाले जमले आणि त्यांनी कारण काढलं, बाईचा विटाळ. मामंजींनी आत्याबाईंना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी असंच मंगळसूत्र धरून सांगितलं होतं. मामंजींनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून त्यांना मळा बंद. भाकरी घेऊन यायच्या, ताटीजवळच्या दगडावर बसायच्या आणि तिथून विचारायच्या, पांगाऱ्याच्या येलाला पानं कशी हायती. रोज तेच विचारायच्या. आतून उत्तर जायचं नाही. वर्षामागून वर्षं अशी गेली, आणि मग एका पावसाळ्यात तापानं त्या गेल्या.

“मी तिला खोटी ठरवली,” ते म्हणाले, “आन ती खरी हुती.”

आत्याबाईंना मी बघितलंही नव्हतं. त्यांनी हाक मारली होती आणि मी गप्प बसले होते, आमच्या दोघींत फरक तेवढाच. मी पण हाक मारली असती तर तो दगड माझ्याही वाट्याला आला असता. आला होताच की, दीड वर्ष. तो खोलगट कशानं झाला होता ते आता मला कळलं. मी त्याच्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा मामंजी कुणाला बघून थबकले, तेही.

त्यांनी फावडं पांगाऱ्याला टेकवलं आणि ताटीतून बाहेर गेले. बांध मी घातला. अंधार पडायच्या आत बाहेर आले तर ते त्या दगडावर बसलेले होते. चला म्हटलं, तर उठून माझ्यामागून घरी आले. जेवले नाहीत.

मळा पुढं पुष्कळ वर्षं मी केला. मालकांना कारखान्यात खोली मिळाली, ते ये म्हणाले, मी गेले नाही. पोवळा आणखी एक उन्हाळा दिसला, मग दिसेनासा झाला. मला मळा मिळाला, कुणी कधी बाहेर काढलं नाही, हवी होती ती गोष्ट माझ्या पदरात पडली. पण आत मी एकटी. ज्या खोकल्यासाठी, ज्या गाठीच्या आवाजासाठी मी सापाला लपवलं होतं, तो आवाज मळ्यातून गेला. कारण त्या संध्याकाळनंतर मामंजींनी मळ्यात कधी पाऊल टाकलं नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर ताटीपर्यंत आले. चप्पल काढली, सवयीनं पायावर पाणी घेतलं आणि मग दगडावर बसले. आत चला की मामंजी, मी म्हणाले.

“तू जा,” ते म्हणाले. “इटाळ कुणाचा हुता ते काल कळलं.”

मी आत गेले. सरीत उभी राहून पहिल्या पानाला हात घातला असेल नसेल, तोच कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला. शब्द दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे जपून उच्चारलेले.

“पांगाऱ्याच्या येलाला पानं कशी हायती?”

मी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, कोपऱ्यापर्यंत गेले, खरंच नीट बघितलं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “चांगली हायती मामंजी. हाताएवढी झाल्यात. खालची दोन खुडायला आल्यात.”

“बरं,” ते म्हणाले.